भरतीच्या मैदानावर कोणी उभं राहायचं? संरक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. संरक्षण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: सैन्यभरतीत जन्मावरून घातलेल्या अटींबाबत

महोदय,

सैन्यात नोकरी मिळणं हा कोणाचाही हक्क नाही, हे मला मान्य आहे. सुरुवातीलाच हे लिहिते, कारण मी प्रत्येकासाठी वर्दी मागते आहे असा समज व्हायला नको. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी शिकवते. आमच्याकडे भरती निघाली की पहाटेचे रस्ते पोरांनी भरून जातात. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे, दहा पुल-अप्स मारायचे, नऊ फुटी खड्डा ओलांडायचा, मग मेडिकल. ज्याचं ग्राउंड निघत नाही तो घरी येतो आणि पुन्हा तयारीला लागतो. माझा हक्क हिरावला, असं त्यातला एकही जण म्हणत नाही. देश राखणाऱ्या दलाने ताकद, दम, नजर, बुद्धी आणि शिस्त पारखूनच माणसं घ्यावीत.

माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. त्या मैदानावर उभं कोणी राहायचं, हे कशावरून ठरतं? धावण्याआधीच, केवळ अमुक घरात किंवा अमुक शरीरात जन्म झाला म्हणून एखाद्याला बाहेर ठेवलं, तर त्याच्याकडून नोकरी हिरावलेली नसते. परीक्षा देण्याचा अधिकार हिरावलेला असतो. पहिली गोष्ट सरकारच्या अखत्यारीतली आहे, दुसरी नाही. या दोन गोष्टींची गल्लत आपल्या मंत्रालयात फार जुनी आहे. ती किती जुनी आणि किती महाग पडली, हे महाराष्ट्रातल्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. १ जानेवारी १८१८ च्या भीमा कोरेगावच्या लढाईनंतर उभारलेल्या स्तंभावर मृत शिपायांची जी नावं कोरली आहेत, त्यांतली २२ नावं महारांची आहेत. त्या लढाईचा अर्थ काय लावायचा यावर लोक भांडतात, मला इथे त्यात पडायचं नाही. मला एवढंच सांगायचं आहे की लढण्याची क्षमता हा प्रश्न तेव्हाच निकाली निघाला होता. तरीही १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती थांबली. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. काही जाती जन्मतः लढाऊ असतात आणि बाकीच्या नसतात, या सिद्धांताचे ते मोठे पुरस्कर्ते. त्या सिद्धांताने मैदानावर कोणाची परीक्षा घेतली नाही. यादी केली, आणि यादीत नसलेल्यांना दार लावलं.

दार लागल्यावर काय गेलं ते पाहा. गावात ज्याला सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं, ज्याच्या वाट्याला बलुतं आणि वेठ होती, त्याला पलटणीत ठरलेला पगार होता, हुद्दा होता, पेन्शन होतं. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे शाळा होती. लष्करी छावण्यांत शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवत. रामजी मालोजी सकपाळ सुभेदार होते आणि महूच्या लष्करी शाळेत शिकवत. त्याच महूत १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांच्या घरी भीमराव जन्मले. ज्या घरात रोज पुस्तक उघडलं जायचं, ते घर पलटणीमुळे तसं झालं होतं. भरती आणखी तीसेक वर्षं आधी थांबली असती तर? शिक्षिका म्हणून हा विचार माझ्या मनातून जात नाही.

महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीत राहू लागले. तिथे अनेक लष्करी पेन्शनर होते. भरती थांबल्यावर वलंगकरांनी १८९४ साली मुंबई लष्कराच्या सेनापतीला उद्देशून अर्ज तयार केला. आमच्या पूर्वजांनी सेवा केली आहे, आम्हाला पुन्हा घ्या, असा त्याचा आशय. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे तीच मागणी नेली: लष्करात घ्या, पोलिसात घ्या. या माणसांनी मागितलं काय, तर बंदूक हातात घेऊन मरण्याची जबाबदारी! तीसुद्धा अर्ज करून मागावी लागत होती, आणि अर्ज दप्तरात पडून राहत होते.

मग पहिलं महायुद्ध आलं. माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, आणि १९२१ मध्ये ती मोडली. दुसरं महायुद्ध आलं, व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर डॉ. आंबेडकर होते, त्यांनी आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. जो समाज १८९२ मध्ये लढाऊ नव्हता, तो १९१७ मध्ये लढाऊ झाला, १९२१ मध्ये पुन्हा नालायक ठरला आणि १९४१ मध्ये पुन्हा लायक. माणसं तीच होती. बदलत होती ती सरकारची गरज. भरतीला मेहेरबानी मानलं की असंच होतं: गरज असेल तेव्हा ती कर्तव्य म्हणून गळ्यात येते आणि गरज संपली की उपकार म्हणून परत घेतली जाते.

महोदय, राज्यघटना लिहिताना हा अनुभव जवळ असलेला माणूस मसुदा समितीचा अध्यक्ष होता. कलम १६ म्हणतं की राज्याच्या नोकरीत सर्वांना समान संधी असेल, आणि धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास यांवरून कोणाला अपात्र ठरवता येणार नाही. सैन्य हीसुद्धा राज्याची नोकरी आहे. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते कलम २३, ज्याच्याकडे या चर्चेत फारसं कोणी पाहत नाही. वेठबिगारीला बंदी घालणाऱ्या या कलमात एक अपवाद ठेवला आहे: सार्वजनिक प्रयोजनासाठी सरकार सक्तीची सेवा लादू शकतं. उद्या सक्तीची लष्करी सेवा आणायची झाली तर आधार याच कलमाचा. आणि तिथेही अट घातली आहे की अशी सेवा लादताना धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही. म्हणजे सरकार नागरिकाला सक्तीने सैन्यात ओढायला निघालं तरी जात विचारू शकत नाही. मग जो स्वतःहून चालत येतो, त्याला ती कोणत्या अधिकाराने विचारता?

कलम ३३ पुढे केलं जातं, ते मला ठाऊक आहे. सैन्यातल्या माणसांचे मूलभूत हक्क शिस्तीसाठी आणि कर्तव्यपालनासाठी किती मर्यादित करायचे, हे संसद कायद्याने ठरवू शकते. ते योग्यच आहे, जवानाला संघटना काढता येऊ नये. पण ते कलम दलात असलेल्या माणसांविषयी आहे. फाटकाबाहेर अर्ज हातात घेऊन उभी असलेली मुलगी अजून आत आलेलीच नाही. शिवाय मर्यादा घालायची तर संसदेने कायदा करून. सैन्य कायदा, १९५० मध्ये स्त्रियांबद्दल कलम १२ आहे. जातीबद्दल असं एकही कलम नाही.

आता आजच्या गोष्टी.

राष्ट्रपतींचे अंगरक्षक दल १७७३ पासून आहे, देशातलं सर्वांत मानाचं घोडदळ. त्यात भरती होते ती जाट, राजपूत आणि जाट शीख यांचीच. लष्कराने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हे मान्य केलं होतं. कारण दिलं ते असं की समारंभात सगळे जवान उंचीने, बांध्याने, दिसण्याने सारखे हवेत. मला हे उत्तर वाचून आजही वाईट वाटतं. उंची फुटपट्टीने मोजा. छाती टेपने मोजा. घोड्यावरची मांड मैदानात पाहा. आमच्या माण-खटावात सहा फुटी धनगर पोरं आहेत, मेंढरामागे डोंगर तुडवलेली. नांदेडला, चंद्रपूरला, गोव्यात, केरळात, मिझोराममध्येही अंगापिंडाने तगडी मुलं असतील. त्यांची उंची मोजण्याआधी जात मोजली जाते. आणि हे घडतं कोणाच्या दारात? ज्यांच्या नावाने या देशाचा कारभार चालतो, जे घटनेचं रक्षण करण्याची शपथ घेतात, त्या राष्ट्रपतींच्या दारात. दलित राष्ट्रपती झाले, आदिवासी महिला राष्ट्रपती झाल्या. त्यांच्या बग्गीभोवती मात्र त्यांच्या समाजाचा मुलगा भाला घेऊन चालू शकत नाही.

अंगरक्षक दल छोटं आहे. पायदळाच्या रेजिमेंटांचा प्रश्न मोठा आणि खरोखर अवघड आहे, आणि तो मी हलक्याने घेत नाही. ठरावीक प्रदेशाचे, समाजाचे जवान एकत्र असले की भाषा एक, देव एक, जेवण एक, आणि गोळीबारात शेजारच्याला सोडून पळायचं तर गावात तोंड दाखवता येत नाही, असं जुने सुभेदार सांगतात. त्यात तथ्य आहे. आपशिंगे मिलिटरी या आमच्या जिल्ह्यातल्या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. गावाच्या नावातच मिलिटरी आहे. अशा गावाचा अभिमान त्याच्या पलटणीपासून वेगळा काढता येत नाही. बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये पोरगा कसमला, म्हणजे शपथविधीला, उभा राहतो तेव्हा आईबाप एसटीने जाऊन ते डोळे भरून पाहतात. मीही विद्यार्थ्यांसाठी गेले आहे.

पण हा अभिमान एका जातीवर उभा आहे का? मराठा लाइट इन्फन्ट्रीची गर्जना ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ अशी आहे. ज्यांच्या नावाचा जयजयकार होतो, त्यांच्या गडांच्या घेऱ्यात महार, मांग, रामोशी होते, आरमारात कोळी आणि भंडारी होते, दर्यासारंगांत दौलतखान होता. आणि एकजूट एका जातीशिवाय होत नाही म्हणावं, तर आपल्याच लष्कराने उलट सिद्ध करून दाखवलं आहे. स्वातंत्र्यानंतर जनरल करिअप्पांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌स उभी राहिली, सगळ्या देशातून, सगळ्या समाजांतून जवान घेणारी. १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या गंगासागरला लढताना तिच्या १४ व्या बटालियनच्या लान्स नाईक अल्बर्ट एक्का यांनी प्राण दिला आणि परमवीर चक्र मिळवलं. ते छोटा नागपूरचे आदिवासी ख्रिस्ती होते. लढाऊ जातींच्या कोणत्या यादीत त्यांचं नाव सापडलं असतं? आणि महार रेजिमेंट! ज्या समाजाला दार बंद झालं होतं, त्याच्या नावाची ही रेजिमेंट पुढे सगळ्यांसाठी खुली झाली. मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन तिच्या आठव्या बटालियनचे. नोव्हेंबर १९८७ मध्ये श्रीलंकेत छातीत गोळी लागल्यावरही ते आपल्या माणसांना आदेश देत राहिले. नाव महार, परमवीर तमिळ. नाव बदलावं लागलं नाही, परंपरा मोडावी लागली नाही, मध्य प्रदेशातल्या सागर शहरातलं तिचं सेंटर आजही त्याच अभिमानाने उभं आहे. ज्यांना वाटतं की दार उघडलं की पलटणीचा आत्मा जाईल, त्यांनी या रेजिमेंटकडे पाहावं.

जून २०२२ मध्ये अग्निपथ ही चार वर्षांच्या भरतीची योजना जाहीर करताना सरकारनेच सांगितलं होतं की भरती ‘अखिल भारतीय, सर्व वर्ग’ या तत्त्वाने होईल. त्या योजनेबद्दल माझ्या मनात बरंच काही आहे, पण हे एक तत्त्व योग्य आहे. कोणत्या रेजिमेंटमध्ये ते किती उतरलं, हे देशाला कळलं पाहिजे.

मुलींबद्दल लिहिताना मला शब्द आवरावे लागतात. १९५० च्या कायद्याचं कलम १२ सांगतं की केंद्र सरकार जिथे परवानगी देईल तिथेच स्त्रीला सैन्यात येता येईल. म्हणजे पुरुषाला दार उघडं, कारण असेल तर बंद. स्त्रीला दार बंद, सरकारची मर्जी असेल तर उघडं. १९९२ पासून काही शाखांत महिला अधिकारी घेऊ लागले, तेही ठरावीक वर्षांसाठी. पुढे कायमस्वरूपी कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत अधिकारी राहण्याचा, खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला. तेव्हा सरकारच्या बाजूने मांडलं गेलं की जवान बहुतांशी ग्रामीण भागातून येतात, त्यांची मानसिकता महिला अधिकाऱ्याचा हुकूम मानायला अजून तयार नाही. १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. पण तो माझ्या मनाला लागला तो वेगळ्या कारणाने. ती ग्रामीण भागातली पोरं म्हणजे माझे विद्यार्थी आहेत. त्यांना अंकगणित एका बाईने शिकवलं. त्यांच्या ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, सरपंच बाई आहे, तलाठी बाई आहे, पोलीस ठाण्यात फौजदार बाई आहे. ही पोरं यांतल्या कोणाचाही हुकूम गुमान मानतात. न्यायालयात त्यांच्या तोंडी जे घातलं गेलं, ते त्यांना कोणी विचारलं होतं का?

ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाच्या हंगामी आदेशाने मुलींना खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची (एनडीए) परीक्षा देता आली. पहिल्या वर्षी जागा किती, तर १९. मे २०२५ मध्ये १७ मुली तीनशेहून अधिक मुलांबरोबर दीक्षान्त संचलन करून बाहेर पडल्या. त्या दिवशी आमच्या शाळेत टीव्ही लावला होता. पण आकडा पाहा. परीक्षा एक, पेपर एक, आणि मुलींना आधीच ठरवून दिलेल्या मूठभर जागा. एखादी मुलगी गुणांनी शेकडो मुलांच्या वर असली तरी मुलींच्या जागा संपल्या म्हणून परत जाते. सैन्याच्या विधी शाखेत असाच प्रकार होता: सहा जागा पुरुषांना, तीन स्त्रियांना. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला आणि गुणवत्तेनेच निवड करायला सांगितलं. मग खडकवासल्याला वेगळा न्याय कशासाठी? ज्या शाखा मुलींना खुल्या आहेत, तिथे यादी एकच लावा. जिथे शारीरिक कसोटी वेगळी लागते तिथे ती कामाला धरून ठरवा, कठोर ठेवा, आणि जी ती पार करेल तिला घ्या. पायदळाचं दारही याच न्यायाने पाहिलं पाहिजे. तिथे फार थोड्या मुली टिकतील, असं होऊ शकेल. पण ते मैदानावर ठरू द्या.

आणि अधिकाऱ्यांपुरतं हे थांबू नये. शेतमजुराच्या मुलीला प्रबोधिनीपर्यंतचं इंग्रजी आणि कोचिंग कुठून मिळणार? ती शिपाई म्हणूनच जाणार. तिच्यासाठी लष्करात आज मुख्यतः मिलिटरी पोलीस हीच वाट आहे, तिची पहिली तुकडी २०२१ मध्ये बाहेर पडली, ८३ जणींची. एवढ्या मोठ्या देशात ही वाट फार अरुंद आहे.

आणखी एका गोष्टीबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. कोरोनाच्या आसपास अनेक ठिकाणी भरतीचे मेळावे झाले, पोरांचं ग्राउंड निघालं, मेडिकल झालं, फक्त लेखी परीक्षा राहिली. ती पुढे पुढे ढकलली गेली आणि जून २०२२ मध्ये ती सगळी भरतीच रद्द झाली. हवाई दलाच्या निवड यादीत नाव लागलेली मुलंही त्यात होती. न्यायालयाने सांगितलं की यादीत नाव आलं म्हणून नेमणुकीचा हक्क तयार होत नाही. कायदा म्हणून ते बरोबर असेल. मी सुरुवातीला जे मान्य केलं, तेच आहे हे. पण हक्क नाही म्हणजे सरकारला उत्तर द्यावं लागत नाही, असं होत नाही. दोन वर्षं थांबलेल्या मुलाला, वय निघून चाललेल्या मुलाला, सरकारकडून एक कागद आला नाही की तुझं अमुक कारणाने रद्द झालं. अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेल्या. चार वर्षांनी त्यांतले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार. उरलेल्या प्रत्येकाला त्याचे गुण आणि न निवडण्याचं कारण लेखी मिळेल का? चार वर्षं बर्फात उभ्या राहिलेल्या मुलाचा एवढा अधिकार तरी असलाच पाहिजे.

घटनेच्या कलम ५१क मध्ये मूलभूत कर्तव्यं सांगितली आहेत. हाक येईल तेव्हा देशाचं रक्षण करणं हे त्यांतलं एक. आम्ही ते पाठ करून घेतो, प्रार्थनेनंतर वाचून घेतो. ते वाचताना मुलगी, मुलगा, कुठल्या वस्तीतला, असा फरक आम्हाला करता येत नाही. कर्तव्य सगळ्यांचं असेल तर ते बजावण्याच्या परीक्षेला बसण्याचा अधिकारही सगळ्यांचा आहे.

म्हणून माझी विनंती. राष्ट्रपतींच्या अंगरक्षक दलाच्या पुढच्या भरतीत जातीची अट काढून टाकावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, आपली सही पुरेशी आहे. सर्व वर्गांच्या भरतीचं तत्त्व कोणत्या रेजिमेंटमध्ये कधीपर्यंत पूर्ण होणार, त्याचं वेळापत्रक आणि आजवरचा तपशील संसदेच्या पटलावर ठेवावा. खडकवासल्याच्या मुलींच्या जागांची मर्यादा विधी शाखेच्या निकालाच्या प्रकाशात पुन्हा तपासावी आणि सैन्य कायद्याचं कलम १२ दुरुस्त करण्याचं विधेयक आणावं. अग्निवीरांच्या अंतिम निवडीचे निकष पहिली तुकडी बाहेर पडण्याआधी, मराठीसह सर्व भारतीय भाषांत प्रसिद्ध करावेत. आमच्या शाळेच्या सूचना फलकावर मी ते लावीन.

आपली विश्वासू,
सातारा जिल्ह्यातील एक शिक्षिका